पायलटच्या दप्तरात काय असावं?

लातूर आणि नांदेड ही दोन शहरं परीक्षेच्या पुस्तकांवर जगतात असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दहावी-बारावीची गाइडं, नीटचे प्रश्नसंच, मागच्या दहा वर्षांचे पेपर, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बांधून घेतलेल्या नोट्स. कोणत्या विषयाला कोणाचं पुस्तक आणि त्यातली कितवी आवृत्ती, हे इथली अकरावीची पोरं झोपेतही सांगतील. पण याच घरांतलं एखादं पोरगं 'मला पायलट व्हायचंय' म्हणालं की सगळं घर चाचपडायला लागतं. फी किती, कर्ज कोण देतं, बारामतीला जायचं की गोंदियाला, शिरपूर बरं की हैदराबाद, यावर रात्र-रात्र चर्चा होते. पुस्तकांचा विषय मात्र निघत नाही. निघालाच तर ओळखीतला कोणीतरी दिल्लीहून जाडजूड खंडांचा गठ्ठा मागवून देतो. तो कपाटात जातो आणि हाताशी उरते ती फक्त प्रश्नपेढी.

हे पुस्तक त्या गठ्ठ्याविषयी आहे. त्यातलं काय आधी उघडायचं, काय नंतर, काय मुळीच नको, आणि उघडलेलं पान आपल्या मुलखाला लावून कसं वाचायचं, एवढाच त्याचा विषय.

उड्डाणाच्या शिक्षणात पुस्तक ही दुय्यम बाब नाही. इंजिन सुरू झाल्यापासून प्रत्येक मिनिटाचे पैसे लागतात. त्यात लहान विमानाचं कॉकपिट ही शिकण्यासाठी फार वाईट जागा: कानात रेडिओ, खाली थरथर, डोळ्यांसमोर डझनभर घड्याळं, शेजारी इन्स्ट्रक्टर. जमिनीवर जे उमगलेलं नाही ते तिथे उमगेल अशी आशा बाळगणं म्हणजे खिसा आणि डोकं दोन्ही एकाच वेळी रिकामं करणं. 'स्टॉल' म्हणजे काय हे ज्याला टेबलाशी बसून कळलंय, तो हवेत पहिल्यांदा स्टॉल करतो तेव्हा कळलेलं हाताला शिकवत असतो. ज्याला कळलेलं नाही, तो नुसता घाबरतो, आणि त्या घाबरण्याचंही बिल येतं.

नवख्या वाचकासाठी चौकट आधी आखून देतो. प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल, हा हौशी उड्डाणाचा परवाना. तो असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर विमान उडवता येतं, सोबत माणसं नेता येतात, पण त्याचे पैसे घेता येत नाहीत. वयाची अट सतरा वर्षं, शिक्षणाची दहावी, वैद्यकीय तपासणी क्लास टू. उड्डाणाचे किमान ४० तास, आणि त्यात एकट्याने केलेला किमान १५० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. लेखी परीक्षेत हवाई नियम, नॅव्हिगेशन, हवामान आणि विमान व इंजिनाचं तांत्रिक ज्ञान. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तास लागतात आणि तिथे हेच विषय खोल जातात.

आपल्याकडे स्टुडंट पायलट लायसन्सवरून थेट सीपीएल गाठता येतं. म्हणून बहुतेक मुलं पीपीएलचा कागद घेतच नाहीत, आणि कागद नको म्हणून पीपीएलची पुस्तकंही नकोत असा हिशेब होतो. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. परवाना घेऊ नका हवं तर, पण पीपीएलच्या पातळीचं पुस्तक टाळू नका. ते पातळ असतं, एका माणसाने एका छोट्या विमानात बसून दिवसाउजेडी करायच्या गोष्टींपुरतंच बोलतं, आणि म्हणूनच त्यात कारण आणि परिणाम यांची साखळी दिसते. एअरलाइनच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या खंडांत ती साखळी जेट इंजिन, प्रेशरायझेशन आणि ध्रुवीय प्रदेशातल्या नकाशांच्या ओझ्याखाली दबून जाते.

उड्डाणाची पुस्तकं सुरुवातीला नव्हतीच. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक बराचसा बघून-बघून शिकायचा आणि त्यात पुष्कळ जण मरायचे. १९१७ मध्ये इंग्लंडातल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने शिकवण्याची पद्धत बदलली. विद्यार्थ्याच्या हाती दुहेरी कंट्रोलचं विमान दिलं, बोलण्यासाठी रबरी नळी लावली आणि ज्या गोष्टींना सगळे भ्यायचे त्या मुद्दाम करायला लावून त्यांची कारणं समजावली. आज जगातलं कोणतंही प्रशिक्षणाचं पुस्तक उघडा, धड्यांचा क्रम त्या पद्धतीचा वारसा सांगतो. पुढे ब्रिटिश हवाई दलाने 'एअर पब्लिकेशन १२९' या नावाने प्रशिक्षणाची संहिताच छापली, आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या फ्लाइंग क्लबांवर तिची छाया राहिली.

हिंदुस्थानात मुंबई आणि दिल्लीचे फ्लाइंग क्लब १९२८ चे. जे. आर. डी. टाटांना पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला १० फेब्रुवारी १९२९ ला. मराठवाडा तेव्हा या नकाशात नव्हता. आपण निजामाच्या राज्यात, आपली विमानं हैदराबादच्या बेगमपेठला. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज तिथूनच चालायची. देशातली पहिली व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर यांना पहिली संधी याच कंपनीने दिली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टने (आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) 'पुष्पक' नावाचं दोन आसनी विमान बनवलं, ते १९५८ मध्ये उडालं आणि देशभरच्या क्लबांत पोचलं. नांदेड-लातूरला मात्र त्याचा गंध लागला नाही. लातूरची धावपट्टी १९९१ ची. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी विमानतळ नव्या रूपात उभं राहिलं ते २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी, आणि 'उडान' योजनेतलं हैदराबादचं विमान तिथून सुरू झालं एप्रिल २०१७ मध्ये. उदगीर-देगलूरच्या आकाशात बीदरच्या हवाई दल केंद्राची हॉक विमानं घिरट्या घालतात ती पोरं लहानपणापासून पाहतात. विमान ओळखीचं, पण ते उडवण्याचं शास्त्र कुणाच्या घरातलं नाही, अशी ही स्थिती. ज्याच्या घरी काका किंवा आजोबा हवाई दलात होते त्याला कोणतं पुस्तक वाचायचं हे जेवता-जेवता कळतं. आपल्या पोराला ते दुकानदार सांगतो.

आज बाजारात जी पुस्तकं मिळतात त्यांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं ब्रिटिश. ए. सी. केरमोड यांचं 'मेकॅनिक्स ऑफ फ्लाइट' १९३२ चं, आजही छापलं जातं. टेलर आणि परमार यांचं 'ग्राउंड स्टडीज फॉर पायलट्स' भारतातल्या दोन पिढ्यांनी घोकलं. ट्रेव्हर थॉम यांची 'द एअर पायलट्स मॅन्युअल' ही मालिका ब्रिटनच्या पीपीएलसाठी लिहिलेली, सुबोध आणि शिस्तशीर. ऑक्सफर्डचे खंड त्याच परंपरेचे, पण एअरलाइनसाठी. या घराण्याचा भर गणितावर आणि व्याख्येवर. वाऱ्याचा त्रिकोण कागदावर काढल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. आपल्या परीक्षेची हाडं ब्रिटिश असल्याने ही पुस्तकं परीक्षेला जवळची वाटतात. त्यांची उणीव हवामानात आहे, तिच्याकडे पुढे येतो.

दुसरं घराणं अमेरिकन. तिथल्या सरकारी यंत्रणेची 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' आणि 'एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक' ही दोन रंगीत, चित्रांनी भरलेली पुस्तकं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. फुकट म्हणून ती हलकी समजू नका. विमान कसं उडतं, कसं हाताळायचं आणि वैमानिक चुकीचा निर्णय का घेतो, या तीन बाबतींत पैसे देऊन याहून चांगलं काही मिळेल असं मला वाटत नाही. याच मातीतलं वुल्फगांग लांगेविशे यांचं 'स्टिक अँड रडर' १९४४ चं. पंख हवेला कोणत्या कोनात भेटतो ही एकच गोष्ट तो माणूस शेकडो पानं वेगवेगळ्या बाजूंनी सांगत राहतो, आणि शेवटी ती हाडात मुरते. परीक्षेत त्याचा एक गुण मिळणार नाही. तरी वाचा.

मात्र अमेरिकन पुस्तकातले नियम आपले नव्हेत, हे विसरलात तर फसाल. तिथे रात्री नजरेच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने, उडता येतं. भारतात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी ती मुभा संपते आणि सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी परत सुरू होते. तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात आणि दृश्यमानता मैलांत. आपल्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये आणि दृश्यमानता मीटरमध्ये. तिथे अल्टिमीटर प्रमाणित दाबावर लावायची उंची देशभर १८,००० फूट, इथे ती विमानतळागणिक वेगळी आणि कितीतरी कमी. पाठांतरात असली गल्लत झाली तर परीक्षेत गुण जातात. रेडिओवर झाली तर कंट्रोलरला कपाळावर हात मारून घ्यावा लागतो.

तिसरं घराणं भारतीय. ते मुख्यतः निवृत्त विंग कमांडरांनी आणि हवामान खात्यातल्या जाणकारांनी उभं केलं. आय. सी. जोशी यांचं 'एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी' आणि आर. के. बाली यांचं 'एअर रेग्युलेशन्स' ही नावं कोणत्याही फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहात ऐकू येतील. छपाई साधी, आकृत्या जेमतेम, भाषा कार्यालयीन. पण मोसमी पाऊस, पश्चिमी विक्षोभ आणि आपल्या देशाचे नियम यांसाठी दुसरा आधार नाही. या घराण्याच्या सावलीत दिल्लीच्या द्वारका भागातल्या क्लासेसच्या नोट्स आणि प्रश्नपेढ्या वाढल्या, आणि आता सावलीच झाडापेक्षा मोठी झाली आहे.

या तिन्हींच्या पलीकडे मूळ दस्तऐवज आहेत. ते कुणी पुस्तक म्हणून वाचत नाही, पण वाचायला हवेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स', ज्यांना सगळे 'कार' म्हणतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची 'एआयपी', म्हणजे 'एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशन', जी इंटरनेटवर फुकट आहे आणि जिच्यातले मोठे बदल अठ्ठावीस दिवसांच्या ठरलेल्या चक्राने लागू होतात. या दोहोंच्या मागे १९४४ च्या शिकागो कराराची परिशिष्टं आहेत. म्हणून जगातली पुस्तकं वेगवेगळी दिसली तरी त्यांचा सांगाडा एकच असतो.

नियमांचं पुस्तक विकत घेताना त्यावरची तारीख आधी पाहा, किंमत नंतर. १९३४ चा एअरक्राफ्ट अॅक्ट जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यातच रेडिओ टेलिफोनीच्या परवान्याचा कारभार दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आला. तुमच्या हातातल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात १९३४ चाच कायदा चालू असेल, तर ते नियमांसाठी घेऊ नका, दादाने वापरलेलं असलं तरी. उलट केरमोड जुना मिळाला, पिवळा पडलेला, तर बिनधास्त घ्या. हवेचे गुणधर्म संसदेत बदलत नाहीत. सेकंडहँड पुस्तकांबाबत माझं मत एवढंच.

विज्ञानाचं पुस्तक पारखायची एक सोपी खूण सांगतो. उचल, म्हणजे लिफ्ट, कशी तयार होते ते पान काढा. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, तिला खालच्या हवेसोबत एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते, असं लिहिलेलं असेल तर पुस्तक परत ठेवा. दोन्ही हवांनी एकत्र पोचावं असा निसर्गाचा कोणताही नियम नाही, आणि प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोचते. हे चुकीचं स्पष्टीकरण शाळेच्या पुस्तकांपासून क्लासच्या फळ्यापर्यंत सगळीकडे भेटतं. ज्या लेखकाने ते न तपासता उतरवलं, त्याने बाकीचं तपासलं असेल याची खात्री काय?

आता मुलखाचा प्रश्न, या पुस्तकाचं सर्वांत जास्त लक्ष ज्याच्याकडे आहे तो. परदेशी पुस्तकातलं उदाहरण जशाच्या तसं सोडवून पुढे जाणारा विद्यार्थी त्या पानाचा अर्धाच उपयोग करतो. ते उदाहरण आपल्या धावपट्टीवर आणून परत सोडवलं पाहिजे.

हवेची घनता घ्या. पुस्तकातल्या प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असतं आणि दर हजार फुटांना ते दोन अंशांनी उतरतं. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच. म्हणजे पुस्तकाच्या मते तिथे ११ अंश हवेत. मे महिन्यात दुपारी असतात ४०. फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीने लातूर २,००० फुटांवर नसतं, साडेपाच हजार फुटांच्या आसपास असतं. इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखांना आधार कमी. धाव लांबते, चढण मंदावते. आता फ्लाइंग स्कूलमधल्या सेस्ना १७२ चं हँडबुक उघडा आणि उड्डाणाला लागणाऱ्या अंतराचा तक्ता काढा. तापमानाचा शेवटचा रकाना ४० अंशांचा. नांदेडला मे महिन्यात ४२-४३ अंश ही काही बातमी नसते. म्हणजे आपण तक्त्याच्या बाहेर उभे असतो. त्या वेळी काय करायचं याचं उत्तर प्रश्नपेढीत नाही. सकाळी सातला उडायचं, वजन कमी करायचं किंवा घरी बसायचं, हे ज्याने आकडे स्वतः मांडलेत त्यालाच सुचतं. हँडबुकवरून आठवलं: विद्यार्थ्याकडे बाहेरची डझनभर पुस्तकं असतात आणि ज्या विमानात तो बसतो त्याचं हँडबुक मात्र ऑफिसच्या कपाटात असतं. पहिल्या दिवशी त्याची प्रत काढून घ्या. अभ्यासाचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक तेच आहे.

हवामानाचीही तीच गत. ब्रिटिश पुस्तकातली अर्धी पानं उबदार आणि थंड आघाड्यांवर, त्यांच्या सीमेवरच्या ढगांवर आणि पंखांवर साचणाऱ्या बर्फावर असतात. नॉर्वेतल्या बर्गनच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मांडलेला हा सिद्धांत अटलांटिकच्या काठावर खरा आहे. मराठवाड्यात मे महिन्यात ढग कोणतीही आघाडी घेऊन येत नाही. सकाळी आकाश निरभ्र, दुपारी तीनला क्षितिजावर फुलकोबी, पाचला वावटळ आणि वळवाचा मारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी गारपीट येते. २०१४ च्या गारपिटीने शेतकऱ्यांचं काय केलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. क्युम्युलोनिम्बस ढगातून थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर सगळीकडे पसरते, तेव्हा उतरणाऱ्या विमानाला समोरचा वारा मिनिटभरात पाठीमागून लागतो. हे वाक्य पुस्तकात असतं. ज्या पोराने शेतात उभं राहून पावसाआधीचा गार वारा अंगावर घेतलाय, त्याला ते वाक्य लंडनच्या विद्यार्थ्याहून लवकर कळायला पाहिजे. कळत नाही, कारण आपलं वावर आणि इंग्रजी पुस्तक यांचा संबंध जोडायची सवय त्याला शाळेने लावलेली नसते. या पुस्तकाचा निम्मा खटाटोप त्या सवयीसाठी आहे.

नॅव्हिगेशनमध्ये तर आपला नकाशा हेच वर्कबुक. नांदेड ते लातूर सरळ रेषेत सुमारे ६७ सागरी मैल, दिशा नैऋत्य. वाटेत लोहा आणि अहमदपूर डाव्या हाताला राहतात, लातूरच्या आधी परळीकडे जाणारी रेल्वे लाइन आडवी येते. समजा तुम्ही पस्तीसेक मैल आलात. ठरलेल्या मार्गापासून अहमदपूर सहाएक मैल डावीकडे दिसायला हवं, आणि ते तर नेमकं पोटाखाली आहे. म्हणजे वाऱ्याने तुम्हाला सहा मैल डावीकडे ढकललं. साठास एकच्या नियमाने, ६ भागिले ३५ गुणिले ६०, सुमारे दहा अंशांची चूक. उरलेल्या बत्तीस मैलांत लातूर गाठायचं तर आणखी अकरा अंश. एकूण एकवीस अंश उजवीकडे वळा. हे गणित अहमदपूरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसालाही डोळ्यांसमोर आणता येतं. पुस्तकात तेच उदाहरण इंग्लंडातल्या दोन गावांमध्ये असतं आणि विद्यार्थी ते पाठ करतो. अमेरिकन-ब्रिटिश गणितांत चुंबकीय उत्तर आणि खऱ्या उत्तरेतला फरक कधी दहा, कधी पंधरा अंशांचा दिलेला असतो. मराठवाड्यात तो एका अंशाच्या आसपास. म्हणून आपल्याकडे तो विसरला तरी चालतं अशी एक वाईट खोड लागते, आणि पुढे परदेशात उडताना ती महागात पडते.

आता प्रश्नपेढी. लातूर पॅटर्नला नावं ठेवायचा माझा बेत नाही. एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या शाळांना ज्याने धक्का दिला तो सराव, पुन्हा सराव आणि वेळ लावून सराव याच बळावर. खेड्यातून आलेल्या, घरी कुणी इंग्रजी न बोलणाऱ्या पोरांना त्याने डॉक्टर-इंजिनिअर केलं. ती शिस्त उड्डाणाच्या अभ्यासातही सोनं आहे: रोज ठरलेले तास, चुकांची वही, आठवड्याला चाचणी. गडबड क्रमात होते. बहुपर्यायी प्रश्नपेढी आधी हाती घेतली की डोकं उत्तराचा आकार लक्षात ठेवतं, कारण ठेवत नाही. 'घनता वाढली की उचल वाढते' यावर बरोबरची खूण करणारा मुलगा मे महिन्यातल्या दुपारी टाकी गच्च भरून निघतो, कारण खूण आणि टाकी या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी भेटलेल्याच नसतात. आणि परीक्षा ७० टक्क्यांवर पास करते. राहिलेल्या तीस टक्क्यांत काय होतं हे कोणी विचारत नाही. मेडिकलच्या प्रवेशाला चुकलेला प्रश्न क्रमांक घालवतो. इथे चुकलेला प्रश्न तुमच्यासोबत विमानात बसतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो तो क्रम असा. आधी एकच पातळ, पीपीएलच्या पातळीचं पुस्तक, सलग, खुणा न करता. मग त्याच विषयाचं दुसऱ्या घराण्यातलं पुस्तक, कारण जे एकाने नीट समजावलं नाही ते दुसरा समजावतो. मग भारतीय नियम आणि हवामान, शेजारी मूळ 'कार' आणि एआयपी उघडी ठेवून. सगळ्यांत शेवटी, परीक्षेच्या महिनाभर आधी, प्रश्नपेढी. तीही अशी की प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी परत पुस्तकात जायचं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज एक पान मोठ्याने वाचावं. लाजू नये. रेडिओवर तीच भाषा बोलायची आहे, आणि तिथे उच्चार अडखळला की विचारही अडखळतो.

हे सगळं आत्ताच का? २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्या बातमीचे पडसाद लातूरच्या क्लासेसच्या गल्लीपर्यंत आले. इथल्या जमिनी विकून, कर्ज काढून मुलं या शिक्षणाकडे वळताहेत. गल्लीला मागणी कळली की ती पुरवठा करते: 'पायलट फाउंडेशन', 'झीरो टू कॅप्टन', महिन्याभरात पाच विषय. त्यात चांगले शिक्षक नाहीत असं नाही. पण पालकांना पारख करायला काही हाताशी नाही, आणि लाखो रुपयांचा निर्णय चकचकीत पत्रकावर होतो. निदान पुस्तकांपुरती तरी पारख घरात यावी, एवढी या पुस्तकाची धडपड आहे. कोणत्या फ्लाइंग स्कूलला जावं हे ते सांगत नाही, नोकरीची हमी तर मुळीच देत नाही. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, मग पुस्तकं घ्या, एवढा व्यवहारी सल्ला मात्र जागोजागी सापडेल.

पुस्तकाची रचना विषयांनुसार आहे, पण प्रत्येक विषय दोन हातांनी धरलेला आहे. एका हातात बाजारातल्या पुस्तकांची पारख: कोणाचं कोणतं प्रकरण चांगलं, कुठे जुनं झालं, कुठे आपल्याला लागू नाही. दुसऱ्या हातात मराठवाड्यातल्या जागा, तापमानं आणि अंतरं घेऊन परत सोडवलेली उदाहरणं. तांत्रिक शब्द बहुतांशी इंग्रजीच ठेवले आहेत, कारण कॉकपिटमध्ये आणि परीक्षेत तेच लागतील. समजावणं मराठीत आहे. ज्यांना सीपीएलला बसायचंय त्यांनी नॅव्हिगेशन आणि हवामानाची प्रकरणं दोनदा वाचावीत. ज्यांना नुसती हौस आहे, किंवा मुलगा-मुलगी काय शिकतेय हे समजून घ्यायचंय, त्यांनी उचल आणि घनतेचं प्रकरण वाचून थेट नकाशाच्या प्रकरणावर गेलं तरी काही बिघडत नाही.

प्रकरणांच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न मुद्दाम दिलेले नाहीत. त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत. त्यात त्या दिवशीचं आपल्या गावचं तापमान, दाब आणि वारा लिहायचा आणि तेच गणित त्या आकड्यांवर करायचं. उत्तरं छापलेली नाहीत, कारण ती रोज बदलतील. पेन्सिलीने लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला वापरता येईल. फक्त नियमांची प्रकरणं तिला देण्याआधी एआयपीशी ताडून घ्या.